आधी शाई, मग आकडा

“आणि आता खाली तुझे दोन शब्द लिही,” ताई म्हणाली, तेव्हा मामांनी पेनाला टोपण लावूनही टाकले होते.

“मी वेगळं लिहिणार आहे.”

“सात महिने वेगळं लिहितोयस. ग्रंथ लिहितोयस का?”

मामांनी कागदाची घडी घातली आणि ती नखाने दोनदा दाबली. ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तिची पत्रे तेच लिहीत. ती खिडकीपाशी बसून सांगे, ते टेबलापाशी बसून लिहीत: गुडघे, जिन्यातला बिघडलेला दिवा, शेजारणीचा नवा कुत्रा, वेळेवर जेवत जा. शेवटी ‘तुझी आई’ एवढे ती स्वतः लिहायची, ओळ सोडून, तिरके. पत्र जायचे तिच्या एकुलत्या मुलाला, दूरच्या एका बंदरात, जिथे तो एका जुन्या जहाजाचा कप्तान होता. भाच्याला दर पंधरा दिवसांनी मामांचे अक्षर मिळत होते. त्यात मामांची ओळ तेवढी नव्हती.

ज्याला उत्तर गेले नव्हते ते पत्र कपाटात, बेटांवरच्या एका जाडजूड पुस्तकात ठेवलेले होते. ते काढून बघायची गरज नव्हती. मामांना ते पाठ होते.

‘मामा, ऐकून हसशील,’ भाच्याने लिहिले होते. ‘कंपनीने मला माणसं फिरवायचं काम दिलंय. जहाज चाळीस वर्षांचं, पूर्वी बेटांवर धान्य आणि औषधं पोचवायचं. आता त्यात सोळा खोल्या आणि बत्तीस प्रवासी. एकोणीस दिवस. प्रशांत महासागरातली अशी बेटं, जिथे धक्का नाही, दुकान नाही, काही ठिकाणी माणूसही नाही. रबरी होडीतून उतरायचं आणि गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्याला लागायचं. लोक यासाठी रांग लावून बसलेत, आहेस कुठे. मार्ग मी आखलाय, ट्रेसिंग सोबत आहे. नकाशा तू दिलेलाच. कोपऱ्यात तुझा आकडा आहे म्हणजे माझ्यापुरता प्रश्न मिटला, तरी एकदा नजरेखालून घाल. काही राहिलं असेल तर लिही. काही राहिलं नसेल तरी लिही. आणि बारा नंबरची खोली तुझ्यासाठी ठेवलीय. खिडकी आहे. पुस्तकांना फळी ठोकून घेतलीय. रोज संध्याकाळी नकाशा उलगडून उद्याच्या बेटाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं, एवढंच काम. ‘मला जमणार नाही’ हे उत्तर धरलं जाणार नाही.’

मामा उभ्या आयुष्यात एकदाच बोटीत बसले होते, दीपगृहापर्यंत, आणि तेवढ्यातही त्यांना बोट लागली होती. पण एकतीस वर्षे त्यांनी समुद्राचेच काम केले. बंदराच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर सागरी नकाशांचे भांडार होते. तिथे जगातल्या समुद्रांचे नकाशे रुंद, सपाट खणांमध्ये ठेवलेले असत. दर आठवड्याला सूचनांची पत्रिका यायची: अमुक दिवा विझला, तमुक ठिकाणी गाळ साचला, इथे पाण्याखाली खडक आढळला. ते सगळे प्रत्येक नकाशाच्या प्रत्येक प्रतीवर बारीक निबाने, जांभळ्या शाईत चढवायचे, आणि मग डाव्या कोपऱ्यात खाली त्या सूचनेचा आकडा लिहायचा, हे मामांचे काम. आकडा दिसला की नकाशा घेणारा कप्तान पुढे काही तपासत नसे. मामांना हे काम शिकवणारे म्हातारे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “आधी शाई, मग आकडा. उलटं कधी करायचं नाही. शाई खोटं बोलत नाही. आकडा बोलू शकतो.”

भाचा लहानपणी शाळा सुटल्यावर भांडारात येऊन बसायचा. तो ‘मामा’ म्हणायचा म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणू लागले. पुढे तो जहाजावर लागला, तेव्हा मामांनी त्याला भेट म्हणून एक नकाशा दिला. दूरच्या बेटांचा, कुणी न मागणारा, जो पुन्हा नव्याने छापलाही गेला नव्हता. भांडारात त्याच्या तीनच प्रती होत्या. त्यांतली एक.

सात महिन्यांपूर्वी ट्रेसिंगचा कागद टेबलावर पसरला तेव्हा मामांना खरे तर आनंद झाला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि बोटाने जहाज चालवत नेले. पहिला दिवस, दुसरा, पाचव्या दिवशीचे कंकणासारखे बेट, सातव्या दिवशीची ज्वालामुखीची राख. नवव्या दिवशी पहाटे जहाज दोन बेटांमधल्या अरुंद वाटेतून जाणार होते. ‘डावीकडे पक्ष्यांचा कडा, सगळ्यांना डेकवर बोलवायचं,’ असे भाच्याने कडेला लिहिले होते. मामांचे बोट तिथे थांबले. त्या वाटेच्या मधोमध ट्रेसिंगवर काहीच नव्हते. मामांना मात्र तिथे एक फुली आठवत होती. ठिपक्यांच्या वर्तुळात छोटीशी फुली, आणि शेजारी पाण्याची खोली, दीड वाव, म्हणजे जेमतेम नऊ फूट. जहाजाला अडीच वाव पाणी लागत होते.

भाचा ट्रेसिंग काढताना फुली विसरला असेल, असे ते पहिल्यांदा स्वतःशी म्हणाले. मग त्यांना तो मंगळवार आठवला.

अठरा वर्षे झाली होती त्याला. त्या सकाळी वर्तुळे काढायची पट्टी दुसऱ्या टेबलावर अडकली होती. नुसते बसून राहण्यापेक्षा म्हणून मामांनी तिन्ही प्रतींच्या कोपऱ्यांत आकडा टाकून घेतला. एवढ्याने काय होते. पट्टी मिळाली, पहिल्या प्रतीवर वर्तुळ काढायला घेतले, आणि शिपाई सांगत आला की खाली फोन आहे. ताईचे यजमान, भाऊजी, गोदीत शिडीवरून पडले होते. मामा तसेच निघाले. परत कामावर आले ते अकरा दिवसांनी. तोपर्यंत टेबल कुणीतरी आवरले होते आणि नकाशे आपापल्या खणात गेले होते. खण उघडून बघायला हवे होते. फुली आपण काढली होती की काढणार होतो, हे त्यांना नक्की आठवेना. आकडा टाकलेला आठवत होता. त्यांनी खण उघडला नाही. पुढे तीन वर्षांनी त्याच खणातून एक प्रत काढून, गुंडाळून, फीत बांधून भाच्याला दिली, तेव्हाही त्यांनी फक्त कोपरा बघितला.

दुसऱ्याच दिवशी लिहायला हवे होते. पण काय लिहायचे? खडक त्याच वाटेत आहे की शेजारच्या, याची खात्री नव्हती. पूर्वी एकदा त्यांनी एका दीपगृहाची जागा चुकली आहे म्हणून थेट वरच्या कचेरीला लिहिले होते, आणि चूक निघाली ती मामांचीच, भलताच नकाशा समोर धरला होता. पुढे कित्येक वर्षे वीज गेली की भांडारात कुणीतरी अंधारात विचारी, “मामा, दिवा कुठाय?” आणि समजा, खडक तिथेच असला, तर मग आकडा खोटा. एक आकडा खोटा तर बाकीच्या हजारो आकड्यांचे काय? भाच्याला लहानपणापासून ज्या एका गोष्टीची खात्री वाटत आली होती, तीच आपल्या हाताने पुसायची. फोनवर तर बोलणेच शक्य नव्हते. पलीकडून आवाज आला की मामा हवापाण्याचे दोन शब्द बोलून फोन ठेवून देत.

म्हणून त्यांनी वही केली.

शंभर पानी वहीत त्यांनी सगळी सफर पुन्हा आखली. पुस्तके काढली, भरती-ओहोटीची कोष्टके मांडली. कुठल्या दिवशी सूर्य कधी उगवेल, कुठे नांगर धरेल, कुठे वाळू आहे आणि कुठे नुसते प्रवाळ, होडीतून उतरायला पाणी कधी पुरेसे चढलेले असेल. पाचव्या बेटावर काय बोलायचे याची पंधरा मिनिटेही लिहिली आणि घड्याळ लावून हळू आवाजात वाचून पाहिली. ती सव्वीस मिनिटे झाली. नवव्या दिवशी त्यांनी जहाज उत्तरेकडून वळसा घालून नेले. सहा तास जास्त लागत होते, पण सूर्य पाठीशी राहत होता, पाण्याखालचे खडक दिसणार होते. वहीत जहाज दर वेळी सुखरूप पलीकडे जात होते. वही मिटली की ते पुन्हा त्या वाटेच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे.

भाच्याची पत्रेही ताईला तेच वाचून दाखवत. पहिल्या तीन पत्रांच्या शेवटी एक ओळ असे, ‘मामाला सांग, वाट बघतोय.’ चौथ्या पत्रात ती नव्हती. मामा वाचत वाचत शेवटाला आले, थांबले, आणि कागद खाली ठेवता ठेवता म्हणाले, “मामाला सांग, वाट बघतोय.” त्यानंतर दर वेळी ती ओळ त्यांनी आपल्या पदरची घातली. परवाच्या पत्रात होते, ‘बारा नंबरची खोली एका निवृत्त डॉक्टरीणबाईंना दिली.’ ती ओळ त्यांनी गाळली.

“एक तारखेला निघतायत,” ताई आता म्हणत होती. “म्हणजे उरले किती? पंधरा दिवस. एकदा निघाले की महिनाभर पत्र पोचायचं नाही.”

“माहीत आहे.”

“भांडलात का तुम्ही दोघं?”

“नाही गं.”

“मग तुला जायचं नाही, एवढंच लिही की. तो काय तुला बांधून नेणार आहे? पोटात दुखतं म्हणून सांग. शाळेत असताना सांगायचास तसं.”

मामा पाकिटावर पत्ता लिहीत होते. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच, मागे न वळता ती म्हणाली, “ती शेवटची ओळ वाचतोस ना, वाट बघतोय ती, तेव्हा तू कागदाकडे बघत नाहीस.”

“तुला कुठे दिसतंय?”

“कागद दिसत नाही. तू दिसतोस.”

मामांचे पेन पत्त्याच्या तिसऱ्या ओळीवर थांबले. ताई उठून, भिंतीला हात लावत चहा टाकायला गेली.

त्या दुपारी मामांनी पत्र लिहिले. दोन पाने झाली. ‘घरच्या गडबडीत तुझ्या पत्राकडे नीट लक्ष देता आले नाही. काल सहज पुन्हा काढले, तेव्हा नवव्या दिवसाच्या वाटेबद्दल शंका आली,’ असे ते सुरू झाले होते. पुढे तो मंगळवार होता. ‘तुझे बाबा ज्या दिवशी गेले तो हा दिवस, हे तुझ्या लक्षात येईलच,’ असे एक वाक्य होते. मामांनी ते दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहिले. पत्र वाईट नव्हते. सगळे त्यात नीट बसत होते.

सकाळी ते बूट घालत असताना ताई दाराशी आली.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“वाचून दाखव.”

“नको.”

“मग काहीतरी खरं लिहिलेलं दिसतंय,” ती म्हणाली, आणि आपलेही पाकीट त्यांच्या हातात दिले. “माझंही टाक. आणि टाक म्हणजे टाक. खिशात घेऊन फिरू नकोस.”

बुटाची नाडी बांधायला मामांना बराच वेळ लागला.

पोस्ट आणि भांडार एकाच रस्त्यावर होते, पोस्ट थोडे पुढे. पत्र टाकायच्या आधी एकदा बघून घ्यावे, असे मामांनी ठरवले होते. तीनपैकी दोन प्रती अजून खणात असणार. दोन्हींवर फुली असली तर भाच्याच्या प्रतीवरही असेल, आणि मग हे पत्र टाकायलाच नको. जिना चढताना ते चार पायऱ्यांगणिक थांबले. नोकरी सुटल्याला सहा वर्षे झाली होती आणि एवढ्या काळात ते इथे दोनदाच आले होते.

त्यांच्या जागेवर आता एक बाई होत्या. शाई फार लागत नसे. पत्रिकेबरोबर छापील तुकडे यायचे, ते कापून डिंकाने चिकटवायचे. बाई कात्री बाजूला ठेवून उठल्या.

“मामा, आज रस्ता चुकलात की काय? बसा. जपून हां, त्या खुर्चीचा पाय अजून डुगडुगतो. नको असलेली माणसं मी तिथेच बसवते.”

“मग मी इथे बसू ना?”

“तुम्ही बसा. तुम्हाला तिची सवय आहे.”

मामा बसले. खुर्ची डावीकडे कलली, तिच्याबरोबर तेही कलले.

“एक नकाशा बघायचा होता,” ते म्हणाले. “जुना आहे. त्याला मागणी नसते.” त्यांनी नकाशाचा क्रमांक सांगितला.

बाईंनी तो कागदावर लिहून घेतला नाही. त्या सरळ शेवटच्या कपाटाकडे गेल्या आणि वाकून सर्वांत खालचा खण ओढता ओढता म्हणाल्या, “गेल्या वर्षी तुमचे भाचेही हाच बघून गेले.”

“कधी?”

“सुट्टीवर आले होते ना, तेव्हा. ते बेटांच्या सफरीचं ठरत होतं त्यांचं. दुपारभर इथेच होते.”

त्यांनी दोन प्रती आणून मोठ्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या आणि कोपऱ्यांवर शिशाची वजने ठेवली. मामा उठून जवळ गेले. डावीकडच्या प्रतीवर, दोन बेटांच्या मधोमध, जांभळी फुली होती. वर्तुळ थोडे वाकडे आले होते. उजवीकडच्या प्रतीवर तिथे स्वच्छ पांढरे पाणी होते. दोन्हींच्या कोपऱ्यात एकच आकडा, एकाच हातचा. उजवीकडच्या प्रतीला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, ‘विकायची नाही’.

“ही चिठ्ठी मी लावली,” बाई म्हणाल्या. “भाचे स्वतःची प्रत घेऊन आले होते. तिन्ही इथे मांडल्या आणि किती वेळ नुसते बघत उभे. त्यांच्या प्रतीवरही नव्हती फुली. मग म्हणाले, मामाची एक तरी चूक सापडली, नाहीतर मला लहानपणापासून वाटायचं हा माणूस छापूनच आलाय.”

“हसला का?”

“आधी नाही. मग हसले.” बाईंनी डिंकाच्या बाटलीचे झाकण घट्ट केले. “माझ्याकडून पेन्सिल घेतली, आपल्या प्रतीवर फुली काढली. मी म्हटलं, दुसरीवर मी चढवून टाकते. तर नको म्हणाले. ज्याचं आहे त्याला करू दे, मी मामाला पत्र लिहिणार आहे, तुम्ही आपणहून काही बोलू नका. आता मी कशाला मध्ये पडू? आलं ना पत्र?”

“आलं.”

“मग झालं तर. इतके महिने तुम्ही फिरकला नाहीत, मला वाटलं विसरले लिहायचं.”

मामांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. खिडकीतून क्रेनचा आवाज येत होता. बत्तीस माणसे सुखरूप होती. भाचा सुखरूप होता. ते सगळे पहिल्यापासूनच सुखरूप होते, ट्रेसिंग पाकिटात घातले त्याच्याही आधीपासून. ट्रेसिंगवर फुली विसरून राहिली नव्हती, ती मामांनी लिहावी म्हणून मुद्दाम सोडली होती. सात महिने ते जहाज त्या वाटेने गेले होते ते फक्त मामांच्या डोक्यात, आणि मामा काठावर उभे राहून तोंड मिटून बघत होते.

त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. आत दोन पाकिटे होती. त्यांतले एक आता टाकले नाही तरी कुणाचे काही अडणार नव्हते. टाकले तर आणखीच बरे. ‘काल सहज पुन्हा काढले’ हे वाचून भाचा म्हणेल, वा, मामाची नजर अजून शाबूत आहे. तो विश्वास ठेवेल, किंवा ठेवल्यासारखे करेल. डॉक्टरीणबाईंनाही दुसरी एखादी खोली मिळू शकेल. ताईला ती ओळ पुन्हा खरीखुरी वाचून दाखवता येईल.

“शाई आहे का?” त्यांनी विचारले.

“आहे ना. तुमचीच बाटली आहे. संपतेय कुठे.”

बाईंनी बाटली आणि निब आणून दिला, ठिपक्यांच्या वर्तुळाची पट्टी शोधून दिली, आणि त्या आपल्या जागेवर जाऊन कात्री चालवू लागल्या. मामांनी चष्मा पुसला. पहिल्या प्रतीवरून अंतर मोजून घेतले, दुसऱ्या प्रतीवर पट्टी ठेवली. वर्तुळ काढले, आत फुली काढली, शेजारी दीड वाव लिहिले. आता आकडा. आकडा तर अठरा वर्षांपूर्वीचाच तिथे होता. मामांनी त्याच्या शेजारी बारीक अक्षरात आजची तारीख घातली. बघणाऱ्याला दोन्ही दिसतील आणि मधला काळही दिसेल.

शाई वाळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, “बाई, एखादा कोरा कागद मिळेल?”

“किती हवेत?”

“एक पुरे.”

डुगडुगत्या खुर्चीत बसून त्यांनी लिहिले. खुर्ची हलत होती म्हणून अक्षर नेहमीसारखे आले नाही.

‘तुझं पत्र आलं त्याच दिवशी दिसलं. नवव्या दिवसाच्या वाटेत मधोमध खडक आहे, दीड वाव. तुझ्या प्रतीवर मी तो चढवलेला नाही. आकडा आधी टाकला होता आणि नंतर खण उघडून बघितलं नाही. तुला हे ठाऊक आहे, हे मला आज भांडारात कळलं. पण तुला ठाऊक नाही असं समजून मी सात महिने गप्प बसलो. तू होतास आणि बत्तीस माणसं होती. पंधरा दिवसांपूर्वीचं आईचं पत्र मीच लिहिलं, त्याच्या आधीचंही. प्रत्येक वेळी हातात पेन होतं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही, म्हणून लिहितो.

उत्तरेकडून वळसा घातलास तर सहा तास जास्त लागतील, पण दुपारचा सूर्य पाठीशी राहील आणि पक्ष्यांचा कडाही दिसेल. सोबत पान जोडलं आहे. तपासून घे.’

भाऊजींचा उल्लेख त्यांनी केला नाही. बारा नंबरच्या खोलीबद्दल एक वाक्य सुचले होते, ते लिहायला घेतले आणि पेन कागदावरून उचलले. खाली सही केली. वरच्या कोपऱ्यात तारखेची जागा अजून रिकामी होती. सगळे लिहून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि मग तारीख घातली.

वही कोटाच्या आतल्या खिशात होती. नवव्या दिवसाचे पान त्यांनी पट्टी धरून सरळ फाडले. जुन्या पत्राची दोन पाने पाकिटातून काढली, चार तुकडे केले आणि इकडेतिकडे बघून पुन्हा खिशातच ठेवले. पाकीट बाईंकडच्या डिंकाने चिकटवले.

“चहा मागवते,” बाई म्हणाल्या.

“नको. पोस्ट बंद होईल.”

“आत्ताशी अकरा वाजतायत, मामा.”

“हो,” मामा म्हणाले आणि निघाले.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसाने दोन्ही पाकिटे वजनावर ठेवली, तिकिटे फाडून दिली. दोन्हींवरचा पत्ता त्याने वाचला, दोन्हींवरचे अक्षरही बघितले.

“एकाच माणसाला दोन?”

“एक त्याच्या आईचं आहे.”

“आणि दुसरं?”

मामांनी तिकिटाला पाणी लावले. “दुसरं उशिरा झालं,” ते म्हणाले. “एक तारखेच्या आत पोचेल ना?”

“दहा दिवस धरा. कधी बाराही लागतात.”

पेटी बाहेरच्या भिंतीत होती. मामांनी ताईचे पाकीट आधी टाकले. दुसरे फटीत धरले, पत्ता पुन्हा एकदा, ओळ अन् ओळ, वाचून घेतला आणि सोडले. ते आत पडल्याचा आवाज आला नाही, कागदावर कागद पडला असावा. त्यांनी फटीत बोटे घालून चाचपून पाहिले. फट रिकामी होती.